जैवविविधता वित्त, धोरण विश्लेषक: ही नोकरी घ्यावी का? (कोकणातल्यांनी जरूर लिहा)

सड्यावरची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी राजापूर तालुक्यातली. अर्थशास्त्रात एमए, सध्या पुण्यात एका बँकेच्या कर्ज विभागात. दिवसभर लोकांचे ताळेबंद बघायचे आणि कोण बुडवेल याचा अंदाज बांधायचा. आता एका संस्थेकडून विचारणा आली आहे. पद 'धोरण विश्लेषक, जैवविविधता वित्त', मुक्काम रत्नागिरी, फिरती मंडणगडपासून दोडामार्गापर्यंत, करार दोन वर्षांचा. पगार आत्तापेक्षा कमी, पण भीती होती तेवढा कमी नाही.

कामाच्या वर्णनात लिहिलंय: 'सध्याच्या खर्चाचा आढावा, निधीची तूट काढणे, वित्तीय उपाय सुचवणे.' कळलं म्हटलं तर कळलं. बाबा म्हणाले, "म्हणजे बेडकांचे हिशेब ठेवणार?" आईचा प्रश्न जास्त अवघड होता: "हे पैसे येतात कुठून, आणि आपल्या गावात कधी कोणाला दिसले का?"

कोणी या क्षेत्रात आहे का? रोज नेमकं काय करता? आणि आईला काय सांगू?

बोंबील_राव | सोमवार, रात्री ९:५२

बेडकांचे हिशेब सोपे. एका जागी बसत नाहीत एवढंच.

आकडेमोड | सोमवार, रात्री ११:१५

मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

२०१२ साली हैदराबादला जैवविविधता कराराची अकरावी परिषद भरली होती. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 'बायोफिन' नावाचा उपक्रम सुरू केला. भारतात तो चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाबरोबर चालला आणि पथदर्शी राज्यांत आपला महाराष्ट्र होता. तुमच्या जाहिरातीतली भाषा थेट तिथली आहे. आधी कायदे आणि धोरणं वाचायची. मग आज कोण किती खर्च करतं ते काढायचं. मग किती लागेल ते. मधली फट कशी बुजवायची ते शेवटी.

रोजचं काम म्हणाल तर अर्थसंकल्पाची पुस्तकं आणि लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाची खाती. वनखात्याच्या कांदळवन कक्षाचा खर्च सरळ पूर्ण धरता येतो. पण मृद व जलसंधारणाचा बंधारा? मत्स्य विभागाची जेटी? जिल्हा परिषदेची नर्सरी? अशा प्रत्येक ओळीतला किती टक्के पैसा जैवविविधतेसाठी मानायचा, हे ठरवावं लागतं. बंधाऱ्याला वीस टक्के द्यायचे की पाच, यावर आमच्याकडे अख्खी दुपार गेलेली आहे. तुम्ही कर्ज विभागात आहात, म्हणजे कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही ही सवय आहेच. तीच लागते.

एक गैरसमज आधीच काढतो. या क्षेत्राबद्दल वाचलं की सेशेल्सचा २०१८ चा ब्लू बाँड (समुद्र राखण्यासाठीचा कर्जरोखा), जागतिक बँकेचा २०२२ चा गेंड्यांसाठीचा बाँड असलं चमकदार काही समोर येतं. ते खरं आहे, पण तुमच्या वाट्याला येणार नाही. नवा पैसा आणणं हा कामाचा एक भाग. आहे तो पैसा नीट खर्चणं, उलट्या दिशेने जाणारा वळवणं आणि उद्याचं नुकसान आज टाळणं, हे उरलेले तीन. माझ्या मते 'उलट्या दिशेने जाणारा' हाच सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात निसर्गासाठी २०३० पर्यंत वर्षाला २०० अब्ज डॉलर उभे करायचं म्हटलंय. त्याच आराखड्यात निसर्गाला मारक ठरणारी अनुदानं वर्षाला किमान ५०० अब्ज डॉलरने कमी करायची असंही आहे. कुठला आकडा मोठा ते बघा.

रापणवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

आकडेमोड, २०० अब्ज डॉलर मालवणाक कधी पोचतले ता सांगा. जेट्टीर उभो रवतंय.

मस्करी सोडा. एक पैसो माका दिसलो, तो सांगतंय. जाळ्यात कासव, डॉल्फिन नायतर देवमुशी गावली तर जाळा कापून सोडूचा, फोटो काढूचो, मगे अर्ज. २०१८ च्या शेवटाक ही योजना इली, जाळ्याच्या नुकसानीक २५ हजारापर्यंत भरपाई. माझ्या चुलतभावाक गावली, खोटा कित्याक बोला. पण ती जाळ्याची झाली. जाळा कापल्यार त्या दिवसाची मासळी जाता, खलाशांची मजुरी तर देऊचीच लागता. तो खड्डो कोण भरतलो? सड्यावरची ताई, तू हिशोबाची बाई आसस, ह्यो हिशोब मांड. आवशीक सांग, पैसो दिसलो, पण अर्धो.

आकडेमोड | मंगळवार, सकाळी ९:३०

रापणवाला, अगदी हेच. भरपाई वस्तूची मिळते, बुडालेल्या दिवसाची नाही. तरीही ही योजना मला आवडते, कारण पैसा थेट त्या माणसाच्या हातात जातो ज्याच्या निर्णयावर कासव जगणार की मरणार हे ठरतं. मधे कार्यशाळा नाही, अहवाल नाही.

चहाबाज | मंगळवार, सकाळी १०:१०

आईंना सांगा, वेळासला दिसतो पैसा! आम्ही सहकुटुंब गेलो होतो. पहाटे किनाऱ्यावर टोपली उचलली, कासवाची पिल्लं तुरुतुरु पाण्याकडे. घरगुती मुक्काम, केळीच्या पानावर जेवण, सोलकढी, मोदक. आमच्या ह्यांनी मोदक मोजले, पिल्लं मी मोजली.

बोंबील_राव | मंगळवार, सकाळी १०:१४

कोणाचा आकडा मोठा?

चहाबाज | मंगळवार, सकाळी १०:२१

त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

सुरंगीचा_वळेसर | मंगळवार, दुपारी १:००

वेळासचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून थोडं पाणी ओतते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने तिथे २००२ मध्ये अंडी राखायला सुरुवात केली आणि कासव महोत्सव त्यानंतर काही वर्षांनी आला. मधल्या काळात अंडी पळवणारा माणूसच राखणदार झाला पाहिजे, हे काम झालं. ते कुठल्याही वित्तीय आराखड्यात मावत नाही. आता लोक फक्त महोत्सव बघतात आणि म्हणतात, आमच्याकडेपण असं काहीतरी करा. हंगाम किती? फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिल-मेपर्यंत. उरलेलं वर्ष घरं रिकामी.

वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवन सफर चालवतात. स्वतः वल्हवतात, स्वतः माहिती सांगतात. मला ते वेळासपेक्षा जास्त शिकण्यासारखं वाटतं, कारण पावसाळा सोडला तर बाकी वर्ष चालतं. पण कुठली खाडी पर्यटकाच्या वाटेवर आहे आणि कुठली नाही, यावर सगळं. आमची खाडी नाही. आमच्या कांदळवनाला बघायला कोण येणार? मग ते राखायचं नाही का?

खाडीपलीकडे | मंगळवार, दुपारी २:२५

सुरंगी, त्यासाठी पर्यटनाशिवायच्या उपजीविका आहेत की. कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना २०१७ ची. गटाने प्रकल्प केला तर ९० टक्के शासन, १० टक्के गट. एकट्याने केला तर ७५-२५. आमच्याकडे चिखली खेकड्याचं पालन झालं. अडचण वेगळीच निघाली. पिल्लं तामिळनाडूतल्या हॅचरीतून यायची, ती गाडी कधी येते यावर गावाचं गणित. अनुदान होतं, उत्साह होता, पिल्लं नव्हती. हे तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतं?

काजूबाग | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

'निसर्गाला मारक अनुदान' वाचलं आणि राहवलं नाही. आकडेमोड साहेब, ही मारक अनुदानं म्हणजे नेमकी कोणती? नावं घ्या.

आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

घेतो. एक, यांत्रिक नौकांना मिळणारा डिझेलवरचा परतावा. जेवढं डिझेल जास्त, तेवढा परतावा जास्त, म्हणजे लांब जाऊन जास्त खरवडणाऱ्याला जास्त मदत. जागतिक व्यापार संघटनेत २०२२ मध्ये मासेमारी अनुदानांवर करार झाला, त्यामागे हाच वाद आहे. दोन, रोजगार हमीशी जोडलेली १९९० पासूनची फळबाग लागवड. योजना म्हणून उत्तम, कोकण तिने उभं केलं. पण सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जेसीबी लावून कातळ फोडून काजू-आंबा लावायलाही तेच अनुदान चालतं. सातबाऱ्यावर सडा पडीक किंवा पोटखराब. पावसाळ्यात तिथल्या डबक्यांत आणि मातीच्या पातळ थरात जे उगवतं, त्यातलं बरंच दुसरीकडे सापडत नाही. त्याची किंमत कागदावर शून्य.

काजूबाग | मंगळवार, रात्री ८:०५

तेच म्हणतोय. माझ्या वडिलांनी त्याच योजनेत सड्यावर काजू लावली. सुरुंगाचे खड्डे, पाठीवरून माती. त्या काजूवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. आज तुम्ही लोक येता, दोन महिने फुलं बघता, कॅमेरे काढता आणि म्हणता सड्याची किंमत शून्य धरली. आमची किंमत किती धरली होती तेव्हा? मुंबईच्या गिरणीत एक पाळी, एवढीच ना?

सड्यावरची | मंगळवार, रात्री ८:५०

काजूबाग दादा, आमचीही काजूच आहे. नाव सड्यावरची घेतलंय ते उगीच नाही. पण आमच्याच वरच्या सड्यावर कातळशिल्पं निघाली तेव्हा गावात दोन तट पडले, फोडायचं की राखायचं. राखा म्हणणाऱ्यांकडे राखणाऱ्याला काय मिळणार याचं उत्तर नव्हतं. फोडा म्हणणाऱ्यांकडे चिरेखाणीचा दर होता.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ९:२०

काजूबाग, तुमच्या वडिलांच्या खड्ड्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. अनुदान बंद करा असं कोणी म्हणत नाही, निदान मी तरी. अट बदला म्हणतोय. डोंगरउतारावर जुनी बाग पुन्हा लावायला जास्त द्या, अखंड कातळ फोडायला देऊ नका. एकूण रक्कम तेवढीच. विश्लेषकाने लिहायची गोष्ट एवढीशी असते, एका शासन निर्णयातला एक परिच्छेद. तो बदलायला मात्र वर्षं जातात.

काजूबाग | मंगळवार, रात्री ९:३५

असं असेल तर चालेल. पण जो कातळ फोडणार नाही त्यालाही काहीतरी द्या. नुसतं 'देऊ नका' लिहून मोकळे होऊ नका.

रापणवाला | मंगळवार, रात्री १०:००

डिझेलाचा खरा बोललात. आमच्या रापणीक (किनाऱ्यावरून हातान ओढूचा जाळा) डिझेल लागनाच नाय, म्हणजे परतावो शून्य. परसीनवालो (मोठ्या जाळ्याची यांत्रिक बोट) आमच्या दारात येऊन मासळी नेता आणि सरकार तेका तेल देता. ह्या लिवलात तर मी तुमच्या अहवालार सही करतंय.

पण एक लक्षात ठेवा. १९८७ साली मालवणाक सागरी अभयारण्य जाहीर झाला, २९ चौरस किलोमीटर. आमच्या म्हाताऱ्यांक आधी कोणी इचारल्यान नाय. तेवापासून 'संवर्धन' म्हटला की इथे लोक पयली दारा लावतत.

नोंदवही | बुधवार, सकाळी ११:३०

मी एका किनाऱ्यावरच्या गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर आहे. २००२ चा कायदा, त्याखाली गावोगाव समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवही. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर सगळीकडे एकच धावपळ झाली. आमची नोंदवही एका एजन्सीने करून आणली. छान बांधणी. आत आंबा, फणस, वड, पिंपळ, मोर. मासा एकही नाही. समुद्र गावाला लागून, आणि नोंदवहीत समुद्रच नाही! ती परत पाठवून बायकांना घेऊन पुन्हा लिहिली. मुळे, तिसऱ्या, कालवं असे शिंपले, कोणत्या खडकावर काय, कुठल्या महिन्यात.

आता पैशाचं. कायद्यात लाभवाटप आहे. जंगलातला बेहडा, शिकेकाई, गुळवेल कंपनीने नेली तर तिने वाटा द्यायचा. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यापाऱ्याला खरेदी किमतीच्या १ ते ३ टक्के, उत्पादकाला ३ ते ५ टक्के, किंवा विक्रीवर ०.१ ते ०.५ टक्के असा हिशेब होता. राज्य जैवविविधता मंडळाने आपला पाच टक्क्यांपर्यंतचा खर्च कापून बाकी गावाच्या समितीकडे, असं ठरलेलं. पुढे २०२३ ला कायद्यात दुरुस्ती झाली, लागवडीच्या औषधी वनस्पती आणि वैद्यांना बरीच सूट मिळाली. आमच्या खात्यात? समितीचं खातं उघडलंय. पासबुक कोरं करकरीत आहे. कारण माल गावातून निघतो गावठी व्यापाऱ्याच्या टेम्पोत, कंपनीपर्यंत पोचतो चार हात बदलून. शेवटच्या पावतीवर आमच्या गावाचं नाव कसं येणार?

ताई, तुम्ही ही नोकरी घेतलीत तर मोठे आराखडे नंतर करा. आधी एका टेम्पोमागे जा.

बोंबील_राव | बुधवार, सकाळी ११:४२

मोर असणारच हो. मोर प्रत्येक नोंदवहीत असतो.

कागदोपत्री | बुधवार, दुपारी ३:१०

मी एका कंपनीत सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांवरचा खर्च, बघतो. कायद्याने नफ्याच्या दोन टक्के द्यायचे, पर्यावरण त्यात बसतं, पैसाही असतो. पण आमच्या साहेबांना वर्षअखेरीस फोटो लागतो. झाडं लावली की फोटो येतो. न तोडलेल्या झाडाचा फोटो काय काढणार? म्हणून दर पावसाळ्यात रोपं, आणि कोकणात, जिथे नुसतं कुंपण घातलं तरी रान आपोआप येतं.

कॅम्पाचंही (वनभरपाईचा निधी) तसंच. २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींच्या वर दिले. मोठी रक्कम. पण ती येते कशातून? वनजमीन प्रकल्पाला गेली की भरपाई जमा होते. म्हणजे जंगल गेलं तर निधी, राहिलं तर काही नाही. २०२३ च्या ग्रीन क्रेडिट योजनेचा भर वनखात्याच्या ताब्यातल्या उजाड जमिनींवर. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन आहेच किती? तिथलं बहुतेक जंगल लोकांच्या सातबाऱ्यावर.

रायवाला | बुधवार, रात्री ९:१५

कागदोपत्रींनी शेवटच्या वाक्यात जे लिहिलं, तो मी. संगमेश्वर तालुक्यात आमची खाजगी राई आहे. आजोबांनी तोडली नाही, वडिलांनी अर्धी तोडली, उरलेली माझ्या डोक्यावर.

तोड कशी होते ते सांगतो, कारण वरच्या सगळ्या चर्चेत ते कुठे आलं नाही. कंत्राटदार दर दहा-पंधरा वर्षांनी फिरतो. परवानगी, मजूर, ट्रक सगळं त्याचं. तो कधी येतो? घरात कोणी दवाखान्यात असतं तेव्हा. मुलीचं ठरलेलं असतं तेव्हा. गावात बातमी त्याला आधी कळते. तो दवाखान्याच्या दारात रोख देतो आणि झाडं नंतर नेतो. लाकडाला भाव फार नाही, बराचसा माल जळणालाच जातो. पण पैसे त्या दिवशी असतात.

तुमचा निधी काय मागतो? प्रस्ताव. संस्थेची नोंदणी. तीन वर्षांचं लेखापरीक्षण. माणूस आयसीयूत असताना.

आमच्या भागात पुण्याच्या एका संस्थेने राई न तोडण्याचे करार केले, मालकाला मोबदला देऊन. बेहड्याचं फळ फेअरवाइल्ड (रान न ओरबाडता गोळा केल्याच्या) प्रमाणपत्राखाली परदेशी जायला लागलं, बेहड्याच्या ढोलीत महाधनेशाची घरटी असतात म्हणून ते झाड राखायचं. हे मला पटलं, कारण उभ्या झाडाला दरवर्षी काहीतरी मिळतं. पण बेहडा वर्षाला जे देतो ते सणासुदीला पुरतं, अडचणीला नाही. मला विचाराल तर कोकणातली राई वाचवायला वर्षाकाठचा मोबदला हवा त्यापेक्षा एक अडीअडचणीचं कर्ज हवं. राई तारण, व्याज कमी, तोडली नाही तर सूट. बँकवाल्या ताई, असं कर्ज निघतं का?

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:५०

या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. मी आजवर वाचलेल्या अहवालांत 'निधीची तूट' वर्षाच्या हिशेबात असते. ती एका रात्रीची असते हे कुठेच नाही.

सड्यावरची | बुधवार, रात्री ११:३०

रायवाला दादा, वाचून कॅल्क्युलेटर काढला. उभं झाड तारण म्हणून बँक आज घेणार नाही: मूल्यांकन कोण करणार, जप्ती कशी करणार? तोडूनच वसुली होत असेल तर मुद्दाच संपला. पण पतसंस्थेमार्फत, आणि हमी सीएसआरच्या किंवा जिल्हा नियोजनच्या पैशातून ठेवलेल्या ठेवीची, असं काहीतरी जुळू शकतं. कर्ज बुडलं तर ठेव जाईल, राई जाणार नाही. बुडण्याचं प्रमाण किती हे काढता येईल, ते तर माझं रोजचंच काम. म्हणजे मला इथे काहीतरी येतं, असं पहिल्यांदा वाटलं.

आता मूळ प्रश्नाकडे: मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. तोवर काय वाचू? आणि दोन वर्षांनी काय, यावर कोणीच बोललेलं नाही.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ८:४०

दोन वर्षांनी दुसरा प्रकल्प, किंवा बेकारी, किंवा बँक. गोड बोलणार नाही. सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प झाला, पुढे हरित हवामान निधीचा किनारी प्रकल्प आला. माणसं एकातून दुसऱ्यात जातात, काही मधेच गळतात. गृहकर्ज असेल तर विचार करा.

वाचायला: जिल्हा वार्षिक योजनेचं पुस्तक, त्यातलं नावीन्यपूर्ण योजनांचं लेखाशीर्ष बघा. राज्याच्या 'बीम्स' प्रणालीवर निधी कधी वितरित होतो ते बघा. मार्चमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एका ग्रामपंचायतीचा विकास आराखडा वाचा, बंधित (ठरावीक कामांसाठीचा) आणि अबंधित (मोकळा) निधी समजून घ्या. मुलाखतीत बाँडवर बोलणारे पाच जण असतील. ग्रामपंचायतीच्या अबंधित निधीतून समितीला पैसे कसे देता येतील हे सांगणारा एकही नसेल.

नोंदवही | गुरुवार, सकाळी ९:०५

+१. आणि मुळे-तिसऱ्या विसरू नका.

सुरंगीचा_वळेसर | गुरुवार, सकाळी १०:३०

घे गं नोकरी. बाहेरून येऊन आपल्याला कोकण समजावून सांगणारे पुष्कळ झाले. आणि बाबांना सांग, बेडकांच्या हिशेबाला आता परदेशी ऑडिट लागतं.

सड्यावरची | गुरुवार, दुपारी १२:१५

बाबांना धागा वाचून दाखवला. त्यांनी फक्त काजूबाग दादांचे प्रतिसाद पुन्हा वाचायला लावले. आई म्हणाली, रापणवाल्यांचा अर्धा पैसा कळला, बाकीचा अर्धा शोध.

रायवाला दादा, मुलाखतीआधी तुमची राई बघायला येऊ का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रायवाला | गुरुवार, दुपारी १:४०

अवश्य या, पण आत्ता नको. जळवा आहेत आणि वहाळाला पाणी. मुलाखत देऊन टाका, दसऱ्यानंतर सवडीने या. येताना तुमच्या त्या कर्जाच्या अर्जात सहीची जागा मोठी ठेवा. सातबाऱ्यावर एकोणीस सहहिस्सेदार आहेत.

रापणवाला | गुरुवार, दुपारी १:४८

येकोणीसच? आमच्याकडे सत्तेचाळीस. त्यातले अर्धे लालबागाक, आणि तिघांक म्हायतच नाय की तेंची जमीन आसा.